दत्ताच्या नावेला दुसरी बॅटरी

मी बावीस वर्षं शाळेत विद्युतधारा शिकवतोय आणि आमच्या घरातला बल्ब बायको बदलते.

यात कुणाचा अपमान नाही. मला बल्ब बदलता येत नाही असंही नाही. पण बल्ब काढला की होल्डर आतून कसा असतो ते मला बघावंसं वाटतं, होल्डर उघडला की मागची तार कुठून आली ते बघावंसं वाटतं, आणि तासाभरात अख्खं घर अंधारात बसलेलं असतं. म्हणून मंगलनं (म्हणजे बायकोनं) लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी स्टूल आणि पक्कड स्वतःच्या ताब्यात घेतली. तेव्हापासून माझी जिज्ञासा दोनच ठिकाणी खर्च होते, शाळेत आणि सासुरवाडीला. शाळेत फळा असतो, तिथं फारसं काही बिघडत नाही. सासुरवाडीला खऱ्या वस्तू असतात.

माझी सासुरवाडी शहागडच्या खाली, गोदावरीच्या अगदी काठाला. आजेसासऱ्यांनी मेंढरं राखली, सासऱ्यांनी निम्मी मेंढरं आणि निम्मी शेती केली, आणि माझा मेव्हणा दत्ता ऊस करतो आणि नाव चालवतो. नदीच्या पलीकडं बीड जिल्हा. पुलावरून वळसा घालून गेलं तर दीड तास लागतो, नावेतून पंधरा मिनिटं. त्यामुळं दत्ताच्या लोखंडी नावेत सकाळी खुरपणीच्या बाया, दुपारी शेळ्या आणि सांजच्याला परत बाया, अशी ये-जा चालते. नावेला डिझेलचं इंजिन, इंजिनाला सेल्फ, म्हणजे चावी फिरवली की चालू, आणि सेल्फसाठी एक बॅटरी.

भानगड अशी की त्याच बॅटरीवर दत्तानं निळ्या दिव्यांच्या माळा आणि लग्नात लावतात तेवढा मोठा स्पीकरही जोडला होता. माणसं जमायची वाट बघत नाव काठाला उभी असली की इंजिन बंद आणि गाणी चालू. तासाभरानं चावी फिरवावी तर इंजिन नुसतं 'टक्' म्हणायचं. मग लोखंडी हँडल घालून, दातओठ खात ते हातानं फिरवायचं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा दत्ताचा उजवा खांदा कोहळ्यासारखा सुजला होता.

"मग गाणी बंद ठेव की," मंगल म्हणाली.

"ताई, गाणी ऐकूनच तर माणसं काठाला येतेत. बंद केली तर लोकाला वाटंल नाव बिघडली."

माझ्या सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि जिज्ञासा माझ्यापेक्षा चार बोटं जास्तच. त्यांनी विचारलं, "काहो जावाई, एका इंजिनावर दोन बॅटऱ्या भरत्याल का?"

आता हा प्रश्न शिक्षकाला विचारायचा नसतो.

"भरतील की," मी म्हणालो आणि दोन तांबे मागवून घेतले. "हा तांब्या इंजिनाचा, हा गाण्यांचा. वर एक नळ, म्हणजे इंजिनाचा डायनॅमो. पहिला तांब्या भरला की मधली झडप उघडते आणि पाणी दुसऱ्यात जातं. इंजिन बंद झालं की झडपही बंद. मग गाण्यांचा तांब्या रिकामा झाला तरी इंजिनाचा भरलेलाच राहतो."

"आन झडप उघडितं कोण?"

"आपोआप उघडते."

"ती कशी काय?"

ते मलाही नीट माहीत नव्हतं. पण दोन दिवस मोबाईलवर परदेशातल्या माणसांच्या नावा बघितल्या. त्यांच्या नावेत पलंग होता, फ्रिज होता, कुत्रं होतं आणि प्रत्येकाला दोन-दोन बॅटऱ्या होत्या. मधल्या झडपेला 'रिले' म्हणतात, तो तळहाताएवढा एक काळा डबा असतो, एवढं समजलं. तिसऱ्या दिवशी मी आणि दत्ता जालन्याला जाऊन नवी बॅटरी आणि रिले घेऊन आलो.

नावेवर काम सुरू झालं तेव्हा काठाला निम्मं गाव बसलं होतं. मी मुद्दाम मोठ्यानं बोलत होतो. "आता बघा, नवी बॅटरी जास्त दमदार. इंजिनाला ताकद जास्त लागते. म्हणून सेल्फची जाड तार नव्या बॅटरीला. जुनीवर दिवे आणि गाणी." लोकांनी माना हलवल्या. डायनॅमोची तार मी होती तिथंच ठेवली, जुन्या बॅटरीला. नळ एका तांब्यावर आहेच, रिले दुसरा भरेल, असा माझा हिशोब. आणि तो चूक नव्हता. फक्त रिले चालायला हवा होता.

त्या डब्यातून तीन तारा निघत होत्या. दोन जाड आणि एक बारीक काळी. जाड तारा दोन बॅटऱ्यांना गेल्या. काळी उरली. सोबतच्या कागदावर तिच्याबद्दल काहीतरी लिहिलेलं होतं, पण अक्षरं मुंगीएवढी आणि चष्मा घरी.

"दाजी, ही कुठं लावायची?" दत्तानं विचारलं.

मी ती दोन बोटांत धरून उलटसुलट केली. "ती राखीव असते," मी म्हणालो, आणि तिला चिकटपट्टी गुंडाळून व्यवस्थित आत सारली. मला वाटतं, आयुष्यात इतक्या सुबकपणे मी दुसरं काहीच केलेलं नाही.

दत्तानं चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. काठावरून टाळ्या पडल्या. तासभर गाणी लावली, परत चावी फिरवली, परत एका झटक्यात. मी ते लोखंडी हँडल उचलून दत्ताच्या हातात दिलं आणि म्हणालो, "हे आता घरी नेऊन ठेव."

"राहू द्या की नावेत," सासूबाई म्हणाल्या. "ते काय चारा मागतंय का?"

"आई, विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवायचा," मी म्हणालो.

हँडल गोठ्यात खुंटीला गेलं. मी सुट्टी संपवून जालन्याला आलो. तीन आठवडे नाव झकास चालली. दत्ता रोज फोनवर सांगायचा, "दाजी, गावात लोक तिला सरची नाव म्हणून राह्यलेत." मी शाळेत दोन तासांना ही गोष्ट सांगितली, तिसऱ्या तासाला मुलांनी स्वतःच विषय काढला (त्या तासाला गणिताची चाचणी होती).

त्याच महिन्यात दत्ताच्या मुलीचं, आरतीचं, जमत आलं होतं. मुलगा पलीकडच्या गावचा. मुलानं मुलीला पाहिलं होतं, मुलीनं मुलाला पाहिलं होतं, दोघांचं मोबाईलवर बोलणंही आमच्या अंदाजापेक्षा बरंच पुढं गेलेलं होतं. आता थोरली माणसं येऊन सुपारी फोडणार आणि तारीख काढणार. मुलाच्या वडिलांचं नाव लिंबाजीराव. "हायवेला दुकान हाय त्यांचं," एवढंच दत्ता म्हणाला. हायवेला दुकान म्हणजे चहा-भजी, असं मी धरून चाललो.

त्यासाठी आम्ही परत सासुरवाडीला गेलो. पाहुण्यांना नावेतून आणायचं ठरलं. आणायला दत्ता आणि मी जाणार. सासूबाई निघता निघता नावेत येऊन बसल्या. "मला बी बघू द्या दोन बॅटऱ्यांची नाव कशी चालती ते," म्हणाल्या. मंगल आणि दत्ताची बायको पुरणाच्या पोळ्या करायला मागं राहिल्या.

पलीकडच्या काठाला पाच माणसं उभी होती. लिंबाजीराव, त्यांच्या मंडळी, दोन जावा आणि लिंबाजीरावांचे थोरले भाऊ. थोरल्यांनी पांढराशुभ्र फेटा बांधला होता आणि तोंडावर पंचनाम्याला आल्यासारखा भाव होता. लिंबाजीराव बुटके, शांत, धोतर-नेहरूशर्टातले. नावेत चढल्याबरोबर त्यांनी माळांकडं पाहिलं, स्पीकरकडं पाहिलं आणि मग इंजिनाशेजारच्या दोन बॅटऱ्यांकडं पाहतच राहिले.

"दोन बसिवल्या व्हय?" ते म्हणाले.

एवढं मला पुरलं. दत्तानं नाव सोडली आणि मी लिंबाजीरावांना बॅटरी म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. आत शिशाच्या पाट्या असतात, आम्ल असतं, दोन्हींची प्रक्रिया होऊन वीज तयार होते, भरताना तीच प्रक्रिया उलटी होते. लिंबाजीराव गुडघ्यावर हात ठेवून एका चित्तानं ऐकत होते. असा श्रोता मला बावीस वर्षांत मिळाला नव्हता.

"असं हाय का ते," ते म्हणाले. "मंग सर, सेल्फ कोणच्या बॅटरीवर?"

"नव्या."

"आन डायनॅमो?"

"जुन्या."

"मंग नवी भरतीय कशी?"

"या रिलेतून," मी डब्यावर थाप मारली.

त्यांनी खाली वाकून डबा पाहिला. "दोनच तारा दिसून राह्यल्या."

"तिसरी राखीव आहे."

"हां," लिंबाजीराव म्हणाले, आणि नदीकडं बघायला लागले.

इथंच मी गप्प बसलो असतो तर पाच मिनिटांत काठ लागला असता, पोळ्या गरम मिळाल्या असत्या आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण नदी मध्यावर आली होती, पाणी शांत होतं, बगळे उडत होते आणि समोर समजून घेणारा माणूस होता.

"दत्ता, इंजिन बंद कर," मी म्हणालो. "पाहुण्यांना दाखवू. इंजिन बंद, तरी दिवे चालू, गाणी चालू, आणि परत चावी फिरवली की इंजिन चालू."

"इथं?" दत्ता म्हणाला.

"इथंच."

"परत चालू व्हईल न्हवं?" लिंबाजीरावांनी हळूच विचारलं.

"शंभर टक्के."

दत्तानं इंजिन बंद केलं. नदीवर शांतता पसरली आणि त्या शांततेत स्पीकरवरची हळदीची गाणी भलतीच खुलली. भर दुपारी निळ्या माळा लुकलुकत होत्या. एका जावेनं गाण्यावर मानही डोलावली. मी दोन मिनिटं ते सगळं मनसोक्त पाहू दिलं आणि दत्ताला खूण केली.

दत्तानं चावी फिरवली. इंजिन 'टक्' म्हणालं.

परत फिरवली. परत 'टक्'.

तिसऱ्यांदा 'टक्'सुद्धा आलं नाही.

"हँडल?" थोरल्या भावानं विचारलं.

"घरी हाय," दत्ता म्हणाला आणि माझ्याकडं पाहिलं. मी बगळ्यांकडं पाहिलं.

दत्तानं बांबू पाण्यात घातला, तो तळाला लागेना. तेवढ्यात वारा सुटला आणि नाव आमच्या गावाला पाठ करून खालच्या अंगाला सरकायला लागली. मी बॅटरीचं झाकण उघडलं, बंद केलं, एक तार हलवली. "आर्द्रतेमुळं होतं कधीकधी," मी म्हणालो. स्पीकरवर नवरीला हळद लागत होती.

फोन वाजला. मंगल.

"कुठं आहात?"

"नदीत. दिसतोय ना तुला?"

"दिसताय. पण लांब लांब चालला आहात."

"पाहुण्यांना जरा नदी दाखवतोय."

"खालच्या बंधाऱ्यापर्यंत दाखवणार का?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मग मला वाटलं, आपणच काहीतरी केलं पाहिजे. पाहुण्यांनी आरतीसाठी साडी आणि साखर आणली होती, ती एका मोठ्या स्टीलच्या ताटात होती. मी साडी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली, साखरेचा पुडा लिंबाजीरावांच्या मंडळींच्या हातात दिला आणि ताट घेऊन वल्हवायला बसलो. एका बाजूनं ताट मारलं की नाव दुसरीकडं वळते, हे मी मुलांना सहावीत शिकवतो. नावेनं ते तंतोतंत पाळलं. ती सावकाश, दिमाखात स्वतःभोवती फिरायला लागली. पाहुण्यांना आधी आमचं गाव दिसलं, मग पूल, मग त्यांचं गाव, मग परत आमचं.

दुसऱ्या फेरीत त्यांचं गाव समोर आलं तेव्हा थोरले भाऊ बोलले. "लिंबाजी, मला वाटतं आल्या पावली माघारी जावं. सुपारीच्या दिशी हे असं बरं न्हाई."

दत्ताचा चेहरा उतरला. मी ताट खाली ठेवलं. आरती सकाळपासून आरशासमोर उभी होती, हे मला माहीत होतं. तिला घरी जाऊन काय सांगणार, की तुझ्या आत्याच्या नवऱ्याला बगळे दाखवायची हौस आली होती? मला खरोखर पाण्यात उडी टाकावीशी वाटली. पण पोहता येत नव्हतं, म्हणजे परत दुसऱ्यालाच त्रास.

सासूबाई माळांकडं बघत होत्या, मग इंजिनाकडं, मग परत माळांकडं. त्यांनी विचारलं, "जावाई, गाणं चालू हाय. दिवं बी चालू हायेत. म्हंजी नावंत वीज हाय की. मंग ती इंजिनाला का जाईना?"

बावीस वर्षांत मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मावशी," लिंबाजीराव हळू आवाजात म्हणाले, "बराबर विचारलं तुमी."

"पाव्हणं, तुमाला कळतंय का यातलं काही?"

"थोडं थोडं. शहागडला ट्रकची वायरिंग करतो मी. तीस वर्सं झाली."

आपण या माणसाला मघाशी बॅटरीत शिसं असतं म्हणून सांगितलं, ही गोष्ट माझ्या अंगावर सावकाश, घोंगडीसारखी येऊन पडली.

"मग मघाशीच का नाही बोललात?" मी विचारलं.

"सोयरीक करायला आल्तो, सर. पोरीकडच्या माणसाचं काम उकरून काढावं, ते बराबर दिसत न्हाई." ते जरा संकोचले. "आन तुमी सांगत व्हते ते चांगलं व्हतं. इतक्या बॅटऱ्या लावल्या, पण आत काय व्हतं ते मला कुणी सांगितलंच न्हवतं."

त्यांनी नेहरूशर्टाच्या खिशातून दहा नंबरचा पाना काढला. सुपारी फोडायला येतानाही तो खिशात होता.

"पहिलं गाणं बंद करा," ते म्हणाले.

दत्तानं स्पीकर बंद केला, माळा बंद केल्या. लिंबाजीराव धोतर खोचून इंजिनाशेजारी बसले. नव्या बॅटरीवरची सेल्फची जाड तार त्यांनी सोडवली आणि जुन्या बॅटरीला लावली. एवढंच. मी घड्याळ पाहिलं नाही, पण माझा ताटानं वल्हवण्याचा एक फेरा यापेक्षा जास्त वेळ घेत होता.

"मारा चावी."

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. सासूबाईंनी दोन्ही हात जोडले, आणि ते लिंबाजीरावांना जोडले की इंजिनाला ते मला कळलं नाही. नाव वळली आणि गावाच्या दिशेला लागली. लिंबाजीरावांनी डब्याखाली बोटं घालून माझी ती सुबक चिकटपट्टी शोधून काढली, नखानं सोलली आणि काळी तार नावेच्या लोखंडाला आवळली. थोड्या वेळानं डब्यातून बारीक आवाज आला, 'टिक्'.

"झडप उघडली का?" सासूबाईंनी विचारलं.

"उघडली, मावशी. आता नवी भरायला लागली. तीन आठवडे ती दुकानातून आणलेल्या विजेवरच चालली बिचारी."

लाज वाटत होती, पण विचारल्याशिवाय राहवेना. "लिंबाजीराव, ती काळी तार नेमकं काय करते?"

"डब्याच्या आत एक छोटं चुंबक असतं, सर. त्याला वीज आत यायला वाट हाय, बाहेर जायला न्हवती. वर्तुळ पुरं व्हाया पाहिजे ना."

परिपथ, म्हणजे हे वर्तुळ, पूर्ण झाल्याशिवाय विद्युतधारा वाहत नाही. सातवी, धडा पहिलाच. मी हे वाक्य किती मुलांकडून पाठ करून घेतलंय ते मोजता येणार नाही.

काठाला मंगल उभी होती. तिनं पाहुण्यांना नमस्कार केला, माझ्या हातातलं ताट घेतलं, ओलं आहे हे पाहिलं आणि पदरानं पुसलं. पोळ्या गार झाल्या होत्या. थोरले भाऊ पाटावर बसले तरी त्यांचा चेहरा तसाच होता आणि सुपारी ताटात तशीच होती. दत्ता सारखा घाम पुसत होता. शेवटी मीच उठलो आणि म्हणालो, "थोरले पाहुणे, नाव चांगली होती. चूक माझी होती. आरतीचा यात काही संबंध नाही."

थोरले भावाला म्हणाले, "लिंबाजी, माणूस लबाड न्हाई. नुसता चुकून राह्यला." आणि त्यांनी अडकित्ता मागितला.

लग्न फाल्गुनात झालं, पलीकडच्या काठाला, लिंबाजीरावांच्या दारात. आरती हसत होती, दत्ता रडत होता, सासूबाई स्वयंपाक्याला गॅसची शेगडी आतून कशी असते ते विचारत होत्या. मला त्यांनी मानाची खुर्ची दिली होती, गादीची, हारासकट. दोन्ही बाजूंना लिंबाजीरावांच्या दुकानातले दोन कारागीर मुद्दाम माझ्या दिमतीला बसवले होते. मी पाणी प्यायला उठलो तरी एक जण लगबगीनं सोबत यायचा. मला अगदी भरून आलं. जेवणं उरकल्यावर मी त्यातल्या एकाला म्हणालो, "बाबा, माझ्यासाठी इतका त्रास कशाला घेता?"

"त्रास कसला, सर," तो म्हणाला. "मालकांनी सांगितलंय, मांडवात लाइट हाय तवर तुमचा हात मोकळा सोडायचा न्हाई."